टन मोजले, माणसे कोण मोजणार?



संगणकावरचे लढाईचे खेळ वाईट, असे मोठी माणसे म्हणतात. आम्ही मुले म्हणतो, लई मज्जा येते. माझे मत या दोन्हींच्या मधले आहे. ते 'सायलेंट हंटर ३' या खेळावरून सांगतो. हा खेळ २००५ साली निघाला. माझ्या आतेभावाकडे तालुक्याला संगणक आहे. सुट्टीत तिथे मी तो खेळतो.

या खेळात आपण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे कप्तान असतो. पाण्याखाली दडायचे, पेरिस्कोपमधून हळूच पाहायचे आणि शत्रूचे जहाज दिसले की टॉर्पेडो सोडायचा. वाटते तेवढे सोपे नाही बरं का! लगोरीत पळणाऱ्या गड्याला चेंडू मारायचा तर तो आहे तिथे मारून चालत नाही, थोडा पुढे नेम धरावा लागतो. तसेच इथे. ताशी ५५ किलोमीटर वेगाच्या टॉर्पेडोला एक किलोमीटर जायला मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ताशी १८ किलोमीटरने चाललेले जहाज ३०० मीटरहून जास्त पुढे सरकते. म्हणून अंतर, वेग, कोन सगळे मांडावे लागते. पालकांनो, वेळ आणि वेगाची गणिते मला इथेच नीट कळली. तेव्हा खेळ सरसकट बंद करा, असे मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मला खटकते. जहाज बुडाले की त्याचा प्रकार आणि किती टनांचे होते ते नोंदले जाते. मोठी युद्धनौका बुडवली तर मान जास्त. पण आत माणसे किती होती, याचा रकानाच नाही! आपल्या हजेरीपटात नुसती नावेच असतात, वजन कुणाचेच नसते. युद्धाच्या खेळात मात्र वजन असते आणि नावे नसतात. हे बरोबर आहे का?

सरांनी आम्हाला खरी माहिती शोधून दिली. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत स्कापा फ्लो नावाची जागा आहे. तिथे 'रॉयल ओक' ही इंग्रजांची मोठी युद्धनौका नांगर टाकून उभी होती. १४ ऑक्टोबर १९३९ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, 'यू-४७' ही जर्मन पाणबुडी गुपचूप आत शिरली. तिचा कप्तान होता गुंथर प्रीन. पहिल्या टॉर्पेडोंनी फारसे काही झाले नाही. नंतरचे तीन लागले आणि सुमारे १३ मिनिटांत जहाज बुडाले. ८३५ माणसे गेली. आपल्या शाळेचा पट ९२ आहे, म्हणजे अशा नऊ शाळा! त्यांच्यात शंभराहून जास्त तर १८ वर्षांच्या आतली मुले होती. माझा आतेभाऊ तेवढाच आहे.

बुडवणारे तरी वाचले का? नाही. मार्च १९४१ मध्ये 'यू-४७' सगळ्यांसकट समुद्रात नाहीशी झाली. जर्मन पाणबुड्यांवरच्या सुमारे ४० हजार खलाशांपैकी जवळजवळ ३० हजार मेले. म्हणजे चारांतले तीन. खेळात आपली पाणबुडी बुडाली तर आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्यांना तसे करता आले नाही.

कुणी म्हणेल, "बुद्धिबळात हत्ती मारला म्हणून कोणी रडतं का?" पण बुद्धिबळातल्या हत्तीच्या घरी आई वाट पाहत नसते. खेळातली ही जहाजे खऱ्या जहाजांवरून केलेली आहेत.

आणि 'शत्रू' म्हणजे तरी कोण? ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात आपली 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. 'हंगोर'वाल्यांच्या लेखी 'खुकरी' शत्रूचे जहाज होते. आपल्या लेखी ती आपली माणसे होती. 'रॉयल ओक'वरची माणसेही अशीच कुणाची तरी होती.

म्हणून माझे मत असे आहे. खेळ जरूर खेळा, नेम बरोबर धरा, जिंकलात तर आनंदही माना. पण एक वही जवळ ठेवा. मोठे जहाज बुडवले की तसल्या एखाद्या खऱ्या जहाजाची माहिती शोधा आणि त्यावर किती माणसे होती, त्यांतली किती परत आली, ते वहीत लिहा. आतेभावाने आणि मी ही वही सुरू केली आहे. तिच्यात टनांचा रकाना नाही.

पालकांनो, मुलगा असा खेळ खेळताना दिसला तर लगेच ओरडू नका. शेजारी बसा आणि एवढेच विचारा, "त्या जहाजावर माणसं किती होती रे?"

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी