तुळशीचे पान आणि तुळशीचे तेल

वृंदावनातील तुळशीचे पान आणि बाटलीतील तुळशीचे तेल ह्या दोन निराळ्या वस्तू होत. तुळशीत व लवंगेत असणारे युजेनॉल दाहशामक असल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. दंतवैद्य लवंगतेल वापरीत आले तेही उगाच नव्हे. निलगिरीच्या तेलातील सिनिऑलची तर माणसांवरही परीक्षा झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन पाहणीत स्टेरॉइडवर असलेले ३२ दमेकरी होते. त्यांतील सिनिऑल घेणाऱ्यांची स्टेरॉइडची गरज इतरांहून अधिक घटली. पण तेथे मात्रा मोजलेली होती आणि देखरेख डॉक्टरांची होती.

२०२० च्या महामारीपासून ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ म्हणून जे थेंब खपविले जातात, त्यांना हा आधार पुरत नाही. दाह हे प्रतिकारशक्तीचेच एक कार्य; तो शमविणारे द्रव्य तीच शक्ती वाढविते, हे म्हणणे मोठे गमतीचे आहे! गंमत येथेच संपते. निलगिरीचे किंवा कापराचे तेल थोडेसेही पोटात गेले तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. अशा बाटल्यांवर घटक, मात्रा आणि मुलांविषयीचा इशारा ठळक देवनागरीत छापण्याची सक्ती शासनाने करावी. भिंगाखाली धरावी लागणारी इंग्रजी अक्षरे आमच्या आजीबाईंच्या काय उपयोगाची?