.२२ पिस्तुलाने हरणाची शिकार? रील्स जे सांगत नाहीत ते समजून घ्या

शरद ऋतू आला की अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो आणि आपल्या फीडमध्येही त्याचे व्हिडिओ येऊ लागतात. त्यात एक प्रश्न हमखास असतो: "छोट्या पिस्तुलाने हरीण मारता येतं का?" तीस सेकंदांत कुणी "हो" म्हणतं, कुणी "नाही". खरं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: भौतिकशास्त्र आणि तुम्ही कुठल्या राज्यात उभे आहात.

कॅलिबर म्हणजे ताकद नव्हे

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी. ताकद ठरते वजन आणि वेगावरून. शाळेतलं सूत्र आठवा: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. फोनचा कॅल्क्युलेटर उघडा. .२२ एलआरची नेहमीची गोळी २.६ ग्रॅमची. पिस्तुलातून ती साधारण सेकंदाला ३०० मीटर वेगाने निघते, म्हणजे ऊर्जा सुमारे ११७ जूल. .२२३ रायफलची गोळी जाडीला जवळपास तेवढीच, पण तिची ऊर्जा १,७०० जूलच्या आसपास जाते!

पिस्तुलाची नळी छोटी, त्यामुळे वेग कमी मिळतो. वेग २० टक्के घटला तर ऊर्जा ३६ टक्के घटते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत शिकारीचे नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. उदाहरणार्थ व्हर्जिनिया. तिथे हरणासाठी पिस्तूल .२३ किंवा त्याहून मोठ्या कॅलिबरचं हवं आणि नळीच्या तोंडाशी किमान ३५० फूट-पाउंड, म्हणजे साधारण ४७५ जूल ऊर्जा हवी. .२२ एलआर दोन्ही अटींत नापास: ऊर्जा तर पाव भागच भरते. गंमत म्हणजे दमदार .२२३ रायफलही तिथे हरणासाठी चालत नाही, कारण ती .२३ च्या जरा खाली आहे. ९ एमएमची काही काडतुसं या ऊर्जेच्या रेषेच्या जराशी खाली, काही जराशी वर. म्हणजे पिस्तूल तेच, पण काडतुसांचा डबा बदलला की कायदेशीर शिकारीचा गुन्हा होऊ शकतो.

इंग्लंडमध्ये तर हा प्रश्नच जवळपास मिटलाय. डनब्लेनच्या शाळेतल्या १९९६ च्या गोळीबारानंतर १९९७ मध्ये बहुतेक पिस्तुलांवर बंदी आली.

एवढी कडक रेषा कशासाठी?

कारण कमी ताकदीची गोळी हरणाला लगेच मारत नाही. हृदय-फुप्फुसाचा भाग जेमतेम एका ताटाएवढा. हात किंचित हलला किंवा गोळी आत पुरेशी शिरली नाही, तर जखमी हरीण पळून जातं आणि झाडीत कुठेतरी तासन्‌तास तडफडत मरतं. रीलमध्ये हा भाग कधीच दिसत नाही.

आपला काय संबंध?

तिकडे शिकणारे किंवा नोकरी करणारे बरेच मराठी मित्र आहेत, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. त्यामुळे "मित्राचंच आहे रे, फोटोपुरतं घेतलं" हे कारण महागात पडू शकतं. आणि भारतात? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार हा गुन्हाच आहे, बंदूक कुठलीही असो.

थोडक्यात

चॅटबॉटला "अमेरिकेत चालतं का?" असं विचारलंत तर प्रश्नच चुकीचा आहे. राज्य कुठलं, सीझन कुठला, काडतूस कुठलं हे विचारा, आणि मिळालेलं उत्तर त्या राज्याच्या वन्यजीव विभागाच्या चालू वर्षाच्या नियमांशी ताडून पाहा. रील चुकली तर डिलीट करता येते, सुटलेली गोळी नाही.