रिकामी जागा आणि राखीव हक्क

यवतमाळ जिल्ह्यातील विधानसभेच्या सात जागांपैकी राळेगाव आणि आर्णी या दोन जागा अनुसूचित जमातींसाठी, तर उमरखेडची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध यांची वस्ती असलेल्या या मुलखातून आदिवासी प्रतिनिधी निवडून यावा, आणि त्याला निवडून देण्याचा अधिकार मात्र सर्व जातिधर्मांच्या मतदारांना असावा, ही व्यवस्था राळेगावच्या मतदाराच्या आता अंगवळणी पडली आहे. तिच्यामागे १९३२ च्या पुणे कराराचा इतिहास आणि घटनेच्या ३३० व ३३२ या कलमांचा आधार आहे. प्रारंभी दहा वर्षांपुरती असलेली ही तरतूद वेळोवेळी वाढवत २०३० पर्यंत नेण्यात आली. जागा कोणासाठी राखावी यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले. पण जागा मध्येच रिकामी पडली तर ती किती दिवसांत भरावी, या साध्या प्रश्नाकडे तितकेसे लक्ष गेले नाही.

कायदा याबाबत मुका नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली घातलेले १५१-अ हे कलम सांगते की, जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक झाली पाहिजे. अपवाद दोनच. सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा या अवधीत निवडणूक घेणे कठीण असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले असेल, तरच ही अट शिथिल होते. अपवाद अपवादापुरता राहिला असता तर तक्रारीस जागा नव्हती.

प्रत्यक्षात काय घडले? राळेगावला लागून असलेला केळापूर तालुका आर्णी मतदारसंघात, आणि आर्णी व वणी हे दोन्ही मतदारसंघ चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात मोडतात. चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर यांचे ३० मे २०२३ रोजी निधन झाले. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती. म्हणजे त्या दिवशी एक वर्षाहून अधिक काळ शिल्लक होता. तरीही पोटनिवडणूक झाली नाही. ४ जून २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत, वर्षभराहून अधिक काळ, केळापूर-वणीच्या मतदाराला लोकसभेत आवाज नव्हता. राळेगाव यवतमाळ-वाशीम मतदारसंघात असल्याने तेथील मतदाराचा खासदार मात्र सभागृहात होता. तालुक्याची एक शीव ओलांडली की नागरिकाचा हक्क असा कमीजास्त व्हावा, याचे समर्थन कोणत्या तत्त्वाने करणार?

पुण्याची कथा याहून वेगळी नाही. गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले. आयोग इतर निवडणुकांत गुंतलेला आहे आणि नव्या सदस्यास फार थोडा काळ मिळेल, ही कारणे पुढे करण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने ती अमान्य करून १३ डिसेंबर २०२३ रोजी तत्काळ निवडणूक घेण्याचा आदेश दिला. परंतु जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि जागा रिकामीच राहिली. उलट अकोला पश्चिमची जागा नोव्हेंबर २०२३ मध्ये रिकामी झाली, तेथे एप्रिल २०२४ मध्ये मतदान ठरले. तेव्हा नव्या आमदाराला वर्षाहून कमी काळ मिळेल म्हणून नागपूर खंडपीठाने ती निवडणूकच रद्द केली. आधी विलंब करायचा आणि मग त्या विलंबामुळेच मुदत उरली नाही असे म्हणायचे, ही या कलमातील खरी पळवाट आहे.

खर्चाचा आक्षेप घेतला जातो. काही महिन्यांच्या खासदारासाठी एवढा पैसा का ओतावा, असे शहाणी माणसेही विचारतात. पण पाचवीचा शिक्षक वर्षाच्या मध्यात गेला, तर उरलेले महिने वर्ग रिकामा ठेवावा असे कोणी म्हणत नाही. शिवाय रिकाम्या जागेची झळ सर्वांना सारखी पोहोचत नाही. वजनदार माणसाला मंत्रालयाची वाट ठाऊक असते. पोडावरच्या कोलामाला मात्र आपला प्रतिनिधी हाच दरवाजा असतो.

वेळेवर भरलेली एक जागा काय करू शकते, याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. फाळणीमुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची बंगालमधील घटना समितीची जागा गेली. बॅरिस्टर मु. रा. जयकरांच्या राजीनाम्याने मोकळ्या झालेल्या जागेवर जुलै १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून त्यांची निवड झाली, आणि २९ ऑगस्टला ते मसुदा समितीवर आले. न्यूझीलंडमध्येही १८६७ पासून माओरींसाठी वेगळे मतदारसंघ आहेत. तेथील ताकुताई टार्श केम्प या सदस्या २६ जून २०२५ रोजी निधन पावल्या आणि ६ सप्टेंबरला त्यांच्या जागेसाठी मतदान झालेही.

उपाय अवघड नाही. उरलेली मुदत जागा रिकामी झालेल्या दिवसापासूनच मोजावी, असे कायद्यात निःसंदिग्धपणे लिहावे. निवडणूक कठीण असल्याचा दाखला कारणांसह सभागृहापुढे आणि जनतेपुढे ठेवणे बंधनकारक करावे. अन्य कामांचा व्याप हे कारण त्यात ग्राह्य धरू नये. राखीव जागेचा हक्क घटनेने दिला आहे. ती जागा रिकामी पडली, तर तो हक्क कागदावरच उरतो. आणि कागदावरच्या हक्काने कोणत्याही पोडावर नळ आलेला नाही.