बहिरें कोण ?

विद्युत्-तालवाद्यांविषयीं आपल्याकडे दोन मतें मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलीं जातात. पहिलें रसिकांचें. ते म्हणतात, 'यंत्र तें यंत्र. त्याला हलका हात आणि जड हात यांतला भेद काय कळणार?' दुसरें धंदेवाईक मंडळींचें. ते म्हणतात, 'सेन्सिटिव्हिटी एकदां चढवून ठेवा. काडी पडली कीं आवाज दणदणीत निघाला पाहिजे, मग पुढें काळजी नाहीं.' हीं दोन मतें परस्परविरुद्ध दिसतात. परंतु माझ्या मतें दोन्ही एकाच आळसाचीं अपत्यें आहेत. इतकेंच नव्हे, तर दुसऱ्या मताच्या आचरणानेंच पहिलें मत खरें ठरविलें जात आहे.

प्रथम हें वाद्य ऐकतें कसें, तें पाहूं. रबराच्या किंवा जाळीच्या पृष्ठभागाखालीं एक लहानशी पीझो चकती बसविलेली असते. दाब पडला असतां कांहीं स्फटिकांत विद्युत् उत्पन्न होते, हा शोध क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं लाविला. ही चकती त्याच तत्त्वावर चालते. आघात जितका जोराचा, तितका विजेचा स्पंद मोठा. यंत्र त्या स्पंदाचें शिखर मोजतें, त्याला १ पासून १२७ पर्यंतचा एक अंक देतें आणि त्या अंकाप्रमाणें नाद लहानमोठा करतें. अंकांचा हा व्यवहार १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मिडी' संकेताचा. १९८५ सालीं रोलंड या जपानी कंपनीचा आठ पॅडांचा ऑक्टापॅड आला, आणि पुढें आपल्या ऑर्केस्ट्रांत, गणेशोत्सवांत व लग्नाच्या वरातींत त्याच्या वंशजांनीं आपलें स्थान कायम केलें. तेव्हां यंत्राला भेद कळत नाहीं, हें म्हणणें निराधार आहे. त्याला सव्वाशें पायऱ्या ठाऊक आहेत. प्रश्न इतकाच कीं, त्यांपैकीं किती पायऱ्या आपण उघड्या ठेवितों ?

या पायऱ्या उघडण्या-मिटण्याच्या किल्ल्या मुख्यतः तीन. पहिली थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा. त्याच्या खालीं राहिलेला स्पंद वाद्य मुळीं ऐकतच नाहीं. दुसरी सेन्सिटिव्हिटी. ती वाढविली म्हणजे त्याच आघाताला मोठा अंक मिळतो. तिसरी कर्व्ह. हाताचा जोर आणि नादाचा मोठेपणा यांचें नातें सरळ ठेवावयाचें कीं वांकवावयाचें, तें ती ठरविते. आतां सेन्सिटिव्हिटी कमाल करून ठेविली तर काय होतें ? मध्यम आघातच १२७ ला जाऊन टेकतो. मध्यम, जोरकस आणि समेवरचा निकराचा आघात, तिन्ही एकाच भावानें विकले जातात. उलट उंबरठा उंच केला तर खालच्या पायऱ्या बुजतात आणि दोन ठळक आघातांमधला नाजूक भरणा नाहींसा होतो. आमच्या रंगमंचावर बहुधा दोन्ही गोष्टी एकदम केलेल्या असतात. वरून छत खालीं आणलें, खालून जमीन वर उचलली, आणि मधल्या फटींतून वादकानें आपली कला दाखवावी अशी अपेक्षा !

हें मी तटस्थपणें लिहीत नाहीं. या पापांत माझाहि वाटा आहे. कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांच्या एका वाद्यवृंदासाठीं निवड चालली होती, आणि परीक्षकाच्या खुर्चीवर मी होतों. एक मुलगा आला. त्याच्या घरीं पिढीजात संबळ. दोन काड्यांचें वाद्य त्याच्या हातांत मुरलेलें. तो ऑक्टापॅडवर वाजवूं लागला तेव्हां ठळक आघात तेवढे ऐकूं आले, मधले टिपके गळाले. ताल तुटक, लंगडा वाटला. मी म्हणालों, "अरे, जरा जोरानें वाजव." त्यानें जोर केला, मग सगळेंच सारखें दणदणलें. "सर, संबळावर हेंच वाजतं हो," असें तो म्हणाला. पण आम्हीं त्याच्या नांवापुढें 'हात कच्चा' असा शेरा मारला. कांहीं महिन्यांनीं कुतूहलानें मी स्वतः त्या वाद्याचे आंकडे पाहिले. रंगमंच हादरला कीं पॅड आपोआप वाजतात म्हणून कोणीं तरी उंबरठा पुष्कळ वर नेऊन ठेविला होता, आणि मग आवाज कमी पडतो म्हणून सेन्सिटिव्हिटी शेवटास टेकविली होती. हात कच्चा नव्हता. आमचा कान बंद होता.

यावर आक्षेप येईल कीं, रंगमंचाचा हादरा खरा आहे, त्याला उपाय काय ? उपाय आहे. वाद्याचा स्टँड मोठ्या ध्वनिक्षेपकापासून दूर ठेवावा, त्याच्या पायांखालीं जाड रबर घालावें. एका पॅडवरच्या आघातानें शेजारचा पॅड बोलूं लागला तर त्यासाठीं क्रॉसटॉक नांवाची निराळी योजना आहे. एकाच आघाताचे दोन आवाज निघाले तर त्यासाठीं रीट्रिगर नांवाची आणखी एक. प्रत्येक दुखण्याला वेगळें औषध असतां सर्वांवर उंबरठ्याचीच मात्रा उगाळणें हें वैद्यकीचें लक्षण नव्हे. दुसरा आक्षेप, कारखान्यांतून जे आंकडे येतात तेच प्रमाण मानावे. परंतु कारखान्यानें तुमचा हात पाहिलेला नाहीं. ते आंकडे आरंभासाठीं आहेत, वेदवाक्य म्हणून नव्हेत. तिसरा आक्षेप, वेळ कोठें आहे ? याचें उत्तर पखवाजियास विचारावें. तो प्रत्येक बैठकीपूर्वीं डाव्या तोंडाला कणीक लावितो, थाप मारून पाहतो, पुन्हां थोडी काढतो. तबलजी हातोडी घेऊन गट्टे ठोकतो, गजरा सारखा करतो, आणि श्रोते निमूट बसून राहतात. त्याला कोणी वेळेचा अपव्यय म्हणत नाहीं. मग पांच मिनिटांचें हें लावणें तेवढें जड कां व्हावें ?

आणि रीत तरी किती सोपी ! वादकानें स्वतःचा नैसर्गिक असा सर्वांत जोरकस आघात करावा, आणि फक्त तोच १२७ च्या आसपास पोंचेल इतकी सेन्सिटिव्हिटी ठेवावी. मग सर्वांत हलका टिपका वाजवीत उंबरठा हळूहळू उतरवावा. तो टिपका स्वच्छ ऐकूं येईल, पण पाय आपटल्यास पॅड बोलणार नाहीं, तेथें थांबावें. प्रत्येक पॅडचें असेंच करावें. वादक बदलला कीं पुन्हां करावें. कारण हें लावणें वाद्याचें नसून हाताचें आहे.

रसिकांचें एक म्हणणें मात्र मी निःसंकोच मान्य करतों. तबल्याची चाट, मैदान आणि शाई यांवर एकाच बोटाचा नाद तीन तऱ्हांनी उमटतो. साध्या पॅडला आघात कोठें झाला हें कळत नाहीं, तो किती जोराचा झाला एवढेंच कळतें. पण यावरून निघतें काय ? ज्याच्यापाशीं एकच भाषा आहे, त्याची तीहि हिरावून घेऊं नये, हेंच ना ? जोराचे चढउतार गेले कीं त्या वाद्यापाशीं बोलावयास उरतेंच काय ? आणि तें मुकें करून टाकल्यावर 'यंत्र निर्जीव आहे' असा निकाल देणें हा कोणत्या न्यायशास्त्रांतला न्याय ?

त्या मुलाला मीं नंतर बोलावून घेतलें आणि चूक कबूल केली. तो संकोचानें हंसला. म्हणाला, "सर, मला वाटलं माझाच हात हलका पडतो. म्हणून मी घरीं संबळावरसुद्धां जोरानं वाजवायला लागलो. बाबा रागावले, म्हणाले, हात बिघडवून आलास."

पिढ्यांनीं घडविलेला तो हात एका चुकीच्या आंकड्यानें आणि माझ्या एका शेऱ्यानें बिघडला. यंत्रानें कला मारली असें म्हणणाऱ्यांनीं आणि यंत्र वाटेल तसें चढवून ठेवणाऱ्यांनीं आधीं याचें उत्तर द्यावें. मीं माझें दिलें आहे.