मधूनच उघडू नका

दिवाळी अंकाच्या संपादकीयात वर्षभराचा जमाखर्च मांडायची रीत आहे. पाऊस कसा झाला, भाव कुठे गेले, कोण निवडून आलं, कोण गेलं. यंदा ते सगळं आतल्या लेखांवर सोपवलं आहे आणि पहिली पानं गाण्यांना आणि सिनेमांना दिली आहेत. वाढवणचं बंदर, बुलेट ट्रेन आणि तारापूरचं प्रदूषण यांवर पालघरच्या माणसाचं मत विचारायला बाहेरून पुष्कळ लोक येतात. संध्याकाळच्या गाडीत त्याच्या कानात काय वाजत होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

आमच्या भागात ऐकणं बरंचसं गाडीतच होतं. २०१३च्या एप्रिलमध्ये विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल आली आणि अप-डाऊन करणाऱ्यांचं आयुष्य थोडं सुसह्य झालं. बोईसरहून चर्चगेट गाठायला दोन तासांच्या वरच लागतात. एवढ्या वेळात अख्खा अल्बम ऐकून होतो, वर एखादा चित्रपटही बऱ्यापैकी सरतो. तरी डब्यात नजर टाकलीत तर बहुतेकांचा अंगठा दर अर्ध्या मिनिटाला वर सरकताना दिसेल. गाणं मुखड्यावर संपतं, सिनेमा ट्रेलरवर. सलग ऐकणारे उरलेत ते फक्त डब्यातले भजनी. त्यांचा अभंग सुरू झाला की सफाळे येवो नाहीतर विरार, तो पुरा झाल्याशिवाय टाळ खाली ठेवला जात नाही. त्यांच्या आवाजाविषयी आमच्या तक्रारी आहेत, पण या एका बाबतीत त्यांना मानलं पाहिजे.

या वर्षी आम्ही ठरवून अल्बम सलग ऐकले. सुरुवात प्रभा अत्र्यांच्या मारुबिहाग आणि कलावतीच्या जुन्या रेकॉर्डपासून केली. १३ जानेवारी २०२४ला प्रभाताई गेल्या. त्यानंतरच्या श्रद्धांजल्यांमध्ये याच रेकॉर्डचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. नाव सगळ्यांना माहीत होतं. शेवटपर्यंत ऐकलेले किती, हा प्रश्न वेगळा. एल.पी.च्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळत. मैफलीत तास-दीड तास रमणाऱ्या गायिकेला तेवढ्यात विलंबित, द्रुत, आलाप, सरगम सगळं बसवायचं असे. पण या रेकॉर्डमध्ये कुठेही घाई जाणवत नाही, हीच तिची कमाल आहे. किराणा घराण्याची एकेका स्वरावर रेंगाळण्याची सवय आणि रेकॉर्ड कंपनीचं घड्याळ यांची भांडणं इथे मिटलेली आहेत. सरगमवर तर प्रभाताईंनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला होता. बऱ्याच गायकांच्या गळ्यात सरगम म्हणजे तयारीचं प्रदर्शन होतं. इथे ती आलापातूनच पुढे सरकते आणि बोलांत परत मिसळते. मारुबिहागातला तीव्र मध्यम दर वेळी थोडा निराळ्या कोनातून लागतो. ते ध्यानात यायला मात्र आधीची दहा मिनिटं कानावरून गेलेली असावी लागतात. मधून सुरू केलं तर तो नुसता एक गोड स्वर आहे. कलावतीत रिषभ आणि मध्यम नाहीत. इतक्या कमी सामानात एवढं घर मांडता येतं, याचं दर वेळी नवल वाटतं.

(फोनवर मारुबिहाग संपला की तंबोरा विरायच्या आत कुठल्याशा बांधकाम कंपनीची जाहिरात लागते. यावर उपाय पैसे भरणं हाच आहे, असं घरातल्या पोरांनी सांगितलं.)

१५ डिसेंबर २०२४ला झाकीर हुसेन गेले. मग त्यांच्या ‘शक्ती’ या चमूचे अल्बम काढणं आलंच. त्यांच्या शेवटच्या काळातल्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला २०२४च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं. त्यात शंकर महादेवन आहेत. चेंबूरमध्ये वाढलेले, श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले, म्हणून आपल्याला उगाच जास्त जवळचे. अल्बम सुरेख आहे, पण आमच्या कानाला जरा जास्तच घोटलेला वाटला. त्याच्या शेजारी १९७६चा पहिला ‘शक्ती’ ठेवून पाहा. जॉन मॅक्लॉफलिनची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकरामांचा घटम आणि तरुण झाकीर. श्रोत्यांसमोर वाजवलेलं, कडा न घासलेलं, एकमेकांना मुद्दाम अडचणीत टाकणारं ते वादन आहे. नव्या अल्बमला हात जोडावेसे वाटतात. जुना ऐकताना मात्र शेजारच्या प्रवाशाच्या खांद्यावर ताल धरला जातो.

‘जैत रे जैत’ पडद्याशिवाय ऐकणं हा वेगळा अनुभव. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचा चित्रपट, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. त्यातले ठाकर कर्नाळ्याच्या बाजूचे असले, तरी ठाकूर, वारली, काटकरी, मल्हार कोळी हे आमच्या जिल्ह्यातलेही शेजारी. त्यामुळे हा अल्बम इथे जरा चौकस कानानं ऐकला जातो. सुटी गाणी रेडिओवर हजारदा ऐकलेली आहेत. ओळीनं ऐकल्यावर कळतं की ढोल आणि समूहाचे आवाज गाण्यागाण्यातून एकच गोष्ट पुढे नेत आहेत, आणि आशा भोसल्यांचा आवाज त्या समूहातून उठतो, पुन्हा त्यात जातो. शहरी प्रतिभेनं रानातलं गाणं कितपत आपलंसं केलं आणि कितपत सजवलं, हा वाद आमच्या मंडळात दर काही वर्षांनी निघतो. आमचं मत विचाराल तर सजवलं बरंच आहे. पण सजवताना त्या गाण्याची लय आपल्या सोयीनं बदलली नाही, म्हणून ते टिकलं.

ही लय तपासायला लांब जायला नको. जव्हारकडच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचा तारपा ऐका. सुकवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वादक गालात हवा साठवून नाकानं श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. तो सूर बदलतो तशी पावलं बदलतात. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी हेच वर्तुळ कागदावर काढून जगभर नेलं. रात्रभर चालणारं हे वादन दोन मिनिटांच्या व्हिडिओत घातलं की उरतो फक्त गुंजारव, आणि लोक ते ‘एकसुरी’ म्हणून पुढे सरकवतात. बदल तासाभरानं येतो, त्याची वाट कोण पाहणार?

लग्नसराईत बोईसरपासून विक्रमगडपर्यंत हळदीला काय वाजलं, तेही नोंदवलं पाहिजे. संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’नं २०२४पासून मांडव सोडलेला नाही, आणि यंदा त्याच्याच ‘शेकी’नं तिला सोबत दिली. आम्ही नाक मुरडणाऱ्यांतले नाही. या गाण्यांचा ठेका पक्का आहे आणि अंगात शिरतो. फक्त त्याच मांडवाच्या कडेला बसून लग्न लावणाऱ्या धवलेरीचा आवाज डीजेच्या भिंतीखाली दबतो, त्याचं वाईट वाटतं. वारली लग्नात भटजी नसतो. धवलेरी बाई गात गात लग्न लावते, आणि तिचं गाणं संपल्याशिवाय लग्न लागलं असं होत नाही. स्पीकर तेवढा वेळ बंद ठेवायला कुणाची हरकत नसावी.

आता चित्रपट. आमच्याकडे पडद्यावर मराठी चित्रपटाला मिळाला तर दुपारचा एखादा खेळ मिळतो, आणि त्या वेळी पहिली पाळी कारखान्यात असते, रात्रपाळी अंथरुणात. तरी १ मे २०२५ला आलेला ‘आता थांबायचं नाय’ इथे बघितला गेला. मुंबई महानगरपालिकेतल्या चतुर्थ श्रेणी कामगारांनी रात्रशाळेत जाऊन दहावी पास होण्याची ही खरी घडलेली गोष्ट आहे. शिवराज वायचळचं दिग्दर्शन. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांनाही हसवण्याची सवय. इथे ती सवय त्यांनी बऱ्यापैकी आवरली आहे. डोळ्यांतून पाणी काढायची घाई चित्रपटाला आहे, हे खरं. पण दिवसभर घाण उपसून आलेला माणूस बाकावर बसल्या बसल्या पेंगतो, ते पाहताना आमच्या रांगेतली एमआयडीसीतली मंडळी हसली नाहीत. त्यांना ते पेंगणं ओळखीचं होतं.

१२ सप्टेंबरच्या शुक्रवारी एकदम तीन मराठी चित्रपट आले. त्यातला ‘दशावतार’ गाजला. सुबोध खानोलकरांच्या या चित्रपटात एक्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री होऊन ज्या ताकदीनं उभे राहतात, त्यावर आम्ही नव्यानं काय लिहावं? तक्रार आहे ती वेगळी. कोकणातला दशावताराचा खेळ रात्रभर चालतो. पायपेटी, मृदंग आणि झांज त्याला पुरतात. चित्रपट मात्र या कलेला अखंड दोन-चार मिनिटंही मोकळं सोडत नाही, पार्श्वसंगीत येऊन खांद्यावर हात ठेवतं. तरी उत्तरार्धात जमीन आणि जंगल यांवरून पेटतं, तेव्हा डहाणू-वाढवणच्या माणसाला ते सिंधुदुर्गातलं वाटत नाही. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातही मुखवटे आहेत, संबळ आहे, रात्र जागवणारी गावं आहेत. त्याची गोष्ट मोठ्या पडद्यावर कुणी सांगेल तर आम्ही पहिल्या रांगेचं तिकीट काढू, आणि पार्श्वसंगीत कमी ठेवण्याची विनंतीही करू.

ही विनंती न करताच पुरी झाली ती पुढच्याच शुक्रवारी. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा सनडान्सला गेलेला पहिला मराठी चित्रपट. जानेवारीत तिथे जागतिक विभागातलं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक त्यानं जिंकलं. तो बघायला आम्हाला मुंबईकडे जावं लागलं. बाप गेल्यावर मुंबईतला आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढत राहतात, आणि लहानपणचा सोबती बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही कथा इतकी हळू बोलते की तिला विरोध करायलाही आवाज खाली आणावा लागेल. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. सुतकाच्या घरातले बारीकसारीक आवाज, शेळ्या, माणसांची कुजबुज आणि मधली शांतता, एवढंच. कॅमेरा ठेवला तिथून फारसा हलत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत आमच्या पुढचे दोघं फोन बघू लागले. अर्ध्या तासानं त्यांनी तो खिशात टाकला. त्यातल्या आईला सगळं ठाऊक असतं, आणि ती ते कसं वागवते, हे आम्हाला या वर्षी पडद्यावर दिसलेलं सर्वांत मोठं काम वाटलं.

पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ २०२४च्या दिवाळीनंतर लगेच इथे लागला. कानमध्ये तो ग्रां प्री घेऊन आला होता. त्यातल्या मल्याळी परिचारिका गाडीच्या दारात उभ्या असतात आणि बाहेर मुंबईचे दिवे सरकतात, तेव्हा वाटलं की हे कुणीतरी रोजच्या प्रवाशाच्या उंचीवरून पाहिलं आहे. अणुवीजकेंद्रामुळे १९६९पासून देशभरची माणसं सामावून घेतलेल्या बोईसर-तारापूरला मल्याळम काही परकी नाही. छाया कदमांची पार्वती बिल्डरला कंटाळून शेवटी रत्नागिरीकडच्या गावी परतते. चित्रपट तिच्यासोबत समुद्रावर गेला की त्याची चाल बदलते. काहींना हा भाग रेंगाळलेला वाटला. आम्हाला तो पहिल्या भागातल्या गर्दीमुळेच पटला. नुसता तोच तुकडा कुणी दाखवला असता तर पर्यटन खात्याची फिल्म वाटली असती.

सलग ऐकण्या-पाहण्याच्या या सवयीमुळे अंकाच्या मांडणीवर यंदा भांडणं जरा जास्त झाली. धवलेरींवरचा दीर्घ लेख पहिला ठेवला आहे. तो संथ आहे आणि तसाच वाचायचा आहे. त्यानंतर सातपाटीच्या कोळीवाड्यातली कथा, मग कविता, मग तारापूरच्या कामगारांवरचा वृत्तांत. कथेतला एक आवाज वृत्तांतात पुन्हा ऐकू येईल अशी ती रचना आहे, आणि कविता मध्ये आहेत त्या पानं भरायला नव्हेत. राशिभविष्य आहेच, त्याशिवाय अंक खपत नाही, असं आमच्या विक्रेत्यांचं ठाम म्हणणं आहे. फक्त या वर्षी अनुक्रमणिकेत त्याचा पृष्ठ क्रमांक छापलेला नाही.