रविवार गहाण टाकण्याआधी

गेल्या महिन्यात अप्रेझल झालं. मॅनेजरनी विचारलं, "पुढे काय? कोडच लिहीत बसणार, की टीम सांभाळणार?" मी मोठ्या रुबाबात "टीम" म्हणून बसलो. त्यावर ते म्हणाले, "मग एखादं पीजी करून टाक."

करून टाक! जणू मोबाइलचा रिचार्जच.

नोकरी सोडणं शक्य नाही (वाकडच्या फ्लॅटचा हप्ता ५ तारखेला न चुकता जातो), म्हणजे जे काही करायचं ते नोकरी सांभाळून. आपण पडलो इंजिनिअर, त्यामुळे आधी एक्सेल उघडलं. फी, कालावधी, परीक्षा, नाव... दोन रविवार रकाने रंगवण्यात गेले. शेवटी दोनच पर्याय उरले. एक इग्नूचं एमबीए, दुसरं बिट्स पिलानीचं सॉफ्टवेअर सिस्टिम्समधलं एम.टेक.

बाकीचे बरेचसे एकाच चाळणीत गळाले. "घरबसल्या एम.टेक., दीड वर्षात" असे फोन मलाही आले. पण यूजीसीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देताच येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ इंजिनिअरिंग पदव्यांवरच गदा आणली होती. बिट्सचा कार्यक्रम दूरस्थ नव्हे, 'वर्क इंटिग्रेटेड', आणि १९७९ पासूनचा. दूरस्थ एमबीएला बंदी नाही, पण संस्थेला यूजीसीची परवानगी हवी. तेव्हा मंडळी, पैसे भरण्याआधी यूजीसीची यादी बघाच.

असो. शीटवर दोघांनाही जवळपास सारखेच मार्क. मी डोकं धरून बसलेलो बघून बायको म्हणाली, "हे सगळं आधीच शिकला असतास, तर गेल्या वर्षी काय वेगळं केलं असतंस?"

गेलं वर्ष! मी पहिल्यांदाच लीडचं काम बघत होतो. एका मॉड्यूलला तीन आठवडे लागतील असं छातीठोक सांगितलं. लागले नऊ. आमचं काम दुसऱ्या टीमच्या तीन सर्व्हिसेसवर अवलंबून होतं आणि त्या अडकल्या की काय होतं, याचा मी विचारच केला नव्हता. सहाव्या आठवड्यात आणखी दोन माणसं घेतली, तर जुन्यांचा वेळ त्यांना शिकवण्यातच गेला. उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की उशीर वाढतो, हे फ्रेड ब्रूक्सने 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये १९७५ सालीच लिहून ठेवलंय. मी ते नंतर वाचलं. सगळ्यात जास्त रात्री जागलेल्या ज्युनिअरने दोन महिन्यांत राजीनामा दिला. त्याच्या निरोपाचा केक कापताना माझी मान काही वर होईना.

मग शीट बंद केली आणि दोन्ही अभ्यासक्रम त्या नऊ आठवड्यांशेजारी ठेवून वाचले. माणसं कशी थकतात, हे एमबीएने बहुतेक जास्त चांगलं शिकवलं असतं. हे कबूल. पण मुळात "तीन आठवड्यांत होणार नाही" असं मी वर सांगू शकलो नाही, कारण का होणार नाही हे मलाच माहीत नव्हतं. टेक्निकल मॅनेजरला 'नाही' म्हणायचं बळ समजुतीतून येतं, पदनामातून नाही. डिस्ट्रिब्युटेड कम्प्युटिंग, सॉफ्टवेअर आर्किटेक्चर हे विषय मला तिथे उपयोगी पडले असते. शिवाय चौथ्या सेमिस्टरचं डिसर्टेशन आपल्याच कामावर करता येतं. म्हणून एम.टेक.

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. ज्याला बजेट, क्लायंट, विक्री या बाजूला सरकायचंय, त्याने खुशाल एमबीए करावं. माझं म्हणणं एवढंच, की पदवी निवडताना ती सीव्हीवर कशी दिसेल हे नंतर बघा. आपण शेवटचे कुठे तोंडघशी पडलो होतो, ते आधी आठवा. दोन वर्षांचे शनिवार-रविवार जाणार आहेत, ते त्या खड्ड्यात भर घालायला जावेत.

पदवी मिळेल तेव्हा मिळेल. उद्या सोमवारी मला नवीन एस्टिमेट द्यायचंय. या वेळी आकडा सांगण्याआधी शेजारच्या टीमकडे एक चक्कर मारून येणार आहे. त्याला फी लागत नाही.