बंदूक नव्हती म्हणून बाप लहान होतो का?

डिसेंबरात आमच्या वस्तीतले एक काका पत्र्याच्या पेटीतला जुना कागद घेऊन विहारात आले. वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते, असे ते लहानपणापासून ऐकत आलेले. 1 जानेवारीच्या बॅनरवर वडिलांचा फोटो आणि खाली 'महार रेजिमेंटचे शूर सैनिक' एवढे छापायचे होते. कागद इंग्रजीत होता, म्हणून आम्ही वाचून दाखवला. नंबर, हुद्दा, भरती आणि सुटीची तारीख, आणि पलटणीच्या जागी इंडियन पायोनियर कोअर. तिथल्या एका पोराने लगेच विचारले, "म्हणजे खोदकामवाले ना?" काकांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मग राहू द्या बॅनर."

आम्हाला राग आला तो त्या पोराचा नाही, आपल्या सगळ्यांचा. फावडे हलके आणि बंदूक मानाची हे आपल्याला कोणी शिकवले?

काही जाती जन्मतःच लढवय्या आणि बाकीच्या लढण्यास नालायक, हा सिद्धांत इंग्रजांनी मांडला आणि इथल्या वर्णव्यवस्थेने तो आनंदाने मान्य केला. त्याच सिद्धांताने 1890च्या दशकात आपल्या लोकांची भरती बंद झाली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळेंनी 1910 साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. 1917 साली गरज पडली तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर ती मोडलीही. बाबासाहेबांचा पाठपुरावा होता तेव्हा कुठे 1941 साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. इतके सोसून आज आपण 'आम्हीच खरे लढवय्ये' म्हणत तोच सिद्धांत पाठीमागच्या दाराने घरात घेतो, आणि ज्याचा बाप पायोनियरमध्ये होता त्याला खाली मान घालायला लावतो. ही आपल्यातली जात आहे, दुसरे काही नाही.

पायोनियर म्हणजे काय, हे तरी माहीत करून घ्या. आसाम-मणिपूरच्या डोंगरात रस्ते, पूल, विमानांच्या धावपट्ट्या करणे, दारूगोळा उतरवणे आणि वाहणे, हे सगळे पावसात आणि मलेरियात. 1943 साली त्या आघाडीवर जखमी म्हणून मागे आणलेल्या एका माणसामागे 120 माणसे आजाराने मागे आणावी लागली, असे जनरल स्लिम यांनीच नोंदवले आहे. रस्त्यावाचून तिथे रणगाडाही पोचत नव्हता आणि भाकरीही.

कोरेगावच्या विजयस्तंभावर 'नाक' शेवट असलेली नावे कोरलेली आहेत, म्हणून 1818 आपल्याला कोणी नाकारू शकत नाही. ब्रह्मदेशातल्या बापाचे तसे नाही. युनिटची वॉर डायरी म्हणजे अधिकाऱ्याने रोजच्या रोज लिहिलेली नोंद. तारीख, ठिकाण, काय घडले. तिच्यात अधिकाऱ्यांची नावे येतात. शिपाई बहुतेक वेळा नुसता आकडा असतो, अमुक आयओआर आजारी, तमुक आयओआर कामावर. आयओआर म्हणजे इंडियन अदर रँक्स. आपला बाप त्या आकड्यात आहे. त्याच्या कागदावरच्या तारखा डायरीशेजारी ठेवल्या की कंपनी कोणत्या महिन्यात कुठे होती ते कळते. तेवढाच इतिहास हाती येतो, पण तो खरा असतो. तथागतांनी कालामांना सांगितले ते इथेही लागू आहे. परंपरेने ऐकले एवढ्यावर मानू नका. बाप लढला असे ऐकले म्हणून तो लढला असे नाही, आणि खोदत होता म्हणून तो युद्धात नव्हता असेही नाही.

काम सुरू होते घरातल्या कागदापासून. सैनिक क्रमांक आणि कंपनीचा आकडा मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नुसत्या पदकावर विसंबू नका. बर्मा स्टार आसाम-बंगालमधल्या सेवेवरही मिळत असे. व्यक्तीची सेवानोंद त्या त्या दलाच्या अभिलेख कार्यालयाकडे मागायची, पत्ता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. त्या आघाडीच्या डायऱ्या लंडनच्या क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ 172 या मालिकेत आहेत. सूची इंटरनेटवर फुकट पाहता येते.

ज्यांचे वडील 1971ला होते, त्यांचा प्रश्न आपल्याच सरकारशी आहे. संरक्षण मंत्रालयाच्या 2021च्या धोरणानुसार 25 वर्षांपेक्षा जुने अभिलेख तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात द्यायचे आहेत. माहिती अधिकाराचे कलम 8(3) वीस वर्षांपूर्वीच्या घटनांसाठी बरेच अपवाद बाजूला ठेवते, सुरक्षेचा अपवाद मात्र राहतो. आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो. दहा रुपयांचा हा अर्ज किती जणांनी केला? पंजाबातल्या पहिल्या महायुद्धाच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. लोकांनी मागे लागून त्या संगणकावर आणल्या, सुमारे 3,20,000 सैनिकांच्या. आपल्या जिल्ह्याची साधी यादीसुद्धा आपण केलेली नाही.

बॅनर झाला. खाली 'इंडियन पायोनियर कोअर, ब्रह्मदेश आघाडी' असे छापले. काका आधी कुरकुरले, मग फोटो काढून मुलीला पाठवला. कागदावरचा कंपनी क्रमांक घडीवर पुसला आहे, शेवटचा आकडा 3 आहे की 8 ते कळत नाही. आम्ही दोन्ही कंपन्यांच्या डायऱ्या मागवणार आहोत.